हातावर घासलेला चरस आणि चाळणीतून पडलेला चरस: फरक नक्की कुठे पडतो?

वकिली_शिकतेय (जळगाव)

नमस्कार मंडळी. लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. मूट कोर्ट (विद्यार्थ्यांचा सरावाचा खटला) तोंडावर आलंय आणि माझ्या वाट्याला बचाव पक्ष आलाय. प्रश्नातली गोष्ट काल्पनिक आहे, पण मजेशीर आहे. चाळीसगाव स्टेशनवर एका प्रवाशाच्या बॅगेत 300 ग्रॅम तपकिरी भुकटी सापडते. गोळी नाही, कांडी नाही, वडी नाही. नुसती कोरडी भुकटी, बोटाने चिमटीत धरली तर जराशी चिकटते, एवढंच वर्णन पंचनाम्यात आहे.

आता गंमत बघा. एनडीपीएस कायद्यात (अमली पदार्थांचा कायदा) गांजाची अल्प मात्रा 1 किलोपर्यंत, चरसची फक्त 100 ग्रॅमपर्यंत. म्हणजे ही भुकटी गांजा ठरली तर आरोपीला जास्तीत जास्त एक वर्ष. चरस ठरली तर मधली मात्रा (अल्प आणि व्यापारी यांच्या मधली), दहा वर्षांपर्यंत. वजन तेच, पुडी तीच.

माझा मुद्दा असा की चरस म्हणजे ते हिमाचलात भांगेच्या झाडावर हात घासून काढतात ते, काळं, चिकट, मळलेलं. ही तर गांजाच्या पोत्याच्या तळाशी राहणारी भुकटी. समोरची टीम म्हणते की मोरोक्को-अफगाणिस्तानात चरस चाळूनच काढतात आणि तो आधी भुकटीच असतो. आमच्या मॅडम म्हणाल्या, आधी दोन पद्धती समजून घे, मग वाद घाल. यूट्यूबवर बघायला गेले तर सगळे चिलीमबहाद्दर, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही.

तर विचारायचंय हे की दोन्ही पद्धतींनी निघणाऱ्या मालात फरक काय असतो? नुसतं बघून ओळखता येतं का? आणि "हाताचा माल शुद्ध" म्हणतात त्यात तथ्य किती?

केळीवाला_रावेर

ताई, कायद्याचं आपल्याला काही कळत नाही. पण आमचा केळीचा माल दिल्लीला जातो, आणि त्या धंद्यातल्या ओळखीने सप्टेंबर-ऑक्टोबरला कुल्लूकडे जाणं व्हायचं. पार्वती खोऱ्यात ही झाडं आपल्याकडच्या गाजरगवतासारखी रस्त्याच्या कडेला उभी असतात. कोणी पेरत नाही, कोणी राखत नाही (पेरणारे वेगळे, ते वर जंगलात, पोलिसांच्या नजरेआड). तिकडच्या म्हाताऱ्या माणसांना झाडाचं अप्रूपही नाही. सालीचा दोर वळतात, पायात घालायच्या पुला करतात, बी भाजून खातात.

चरस काढणारे मी लांबून पाहिलेत. घासणाऱ्याच्या तळहातावर काळा थर चढतो, डांबर लागल्यासारखा, आणि वास कपड्यांतून जात नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबून एका माणसाच्या हाती तोळा-दोन तोळे. त्यातला पैसा कोणाला मिळतो ते विचारू नका. मजुराला तर नाहीच.

तिथल्याच मलाणा गावाबद्दल जेवढं ऐकलंय त्यातलं निम्मं दुकानदारांनी पसरवलेलं. गाव सुंदर आहे, जमलू देवाचं आहे, बाहेरच्याने घराला, देवळाला हात लावलेला चालत नाही. 2008 मध्ये मोठी आग लागून गावाचा बराच भाग जळला, जुनी लाकडी घरं गेली. पण दिल्लीत जो तो "मलाणा क्रीम" म्हणून विकतो, तेवढं त्या गावात निघणं शक्यच नाही, भो. सगळ्या देशाला पुरेल एवढा अलिबाग पांढरा कांदा तरी कुठून येतो, तसंच ते.

निवृत्त_देवपूर (धुळे)

ताई, प्रश्न चांगला विचारलात. माझी नोकरी सरकारी प्रयोगशाळेत गेली, बरीच वर्षं अमली पदार्थांच्या टेबलावर. कुठली प्रयोगशाळा ते राहू द्या. केळीवाल्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं, मी भिंगाखालचं सांगतो.

आधी झाड. मादी झाडाच्या फुलोऱ्यावर आणि त्याला लागून असलेल्या बारीक पानांवर केसासारखे दांडे असतात, आणि दांड्याच्या टोकाला एक गोल बोंड. एक मिलिमीटरचे दहा भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढं, बऱ्याचदा त्याहून लहान. राळ असते ती त्या बोंडात. थंडीत पहाटे हरभऱ्यातून चाललं की पायजम्याला आंब लागते ना, तीही अशाच ग्रंथीवाल्या केसांतून येते. आपल्याकडे जुनी माणसं रात्री हरभऱ्यावर धोतर पसरून सकाळी ते पिळून आंब धरायची. इथे एक मोठा फरक आहे: आंब पाण्यात विरघळते, ही राळ विरघळत नाही.

दोन्ही पद्धतींचा हेतू एकच, बोंडं झाडापासून सुटी करायची. हाताने घासतात तेव्हा झाड ओलं, जिवंत असतं. बोंडं दाबाने फुटतात, राळ तळहाताला चिकटते, आणि तिच्यासोबत पानांचा हिरवा रस, पाणी, तुटलेले केस, धूळ, घासणाऱ्याचा घाम आणि कातडीचे कणही येतात. चाळतात तेव्हा झाड वाळलेलं असतं. बोंड दांड्यावरून तुटतं आणि अख्खं खाली पडतं. चाळणीतून बोंडाच्या आकाराचं दुसरं जे काही जाऊ शकतं तेही पडतं, म्हणजे पानाचा भुगा, माती, वाळू.

म्हणून भिंगाखाली दोन्ही माल वेगळे दिसतात. घासलेल्याचा तुकडा मोडला की बाहेरून काळा आणि आतून हिरवट तपकिरी. अख्खं बोंड शोधून सापडत नाही, सगळं एकमेकांत लेपलेलं, मधेमधे पानाचे धागे. मला एकदा त्यात माणसाच्या भुवईचा असावा तसा आखूड केस दिसला होता, तो राळेत असा बसला होता की सुईने सुटेना. चाळलेली भुकटी मात्र पसरून दिव्याखाली धरली की चकाकते. गोल गोल दाणे, मधासारख्या रंगाचे, काही पारदर्शक, काही लालसर. दाबून वडी केली असेल तर ते दाणे चेपतात, पण कडेला काही शिल्लक राहतात.

आणखी एक खूण आहे, आम्ही सगळ्यात आधी तीच बघायचो. या झाडाच्या पानावर अस्वलाच्या नखासारखे वाकडे, टणक केस असतात आणि त्यांच्या बुडाशी चुन्याचा खडा असतो. पातळ आम्लाचा थेंब सोडला की त्या खड्यातून बुडबुडे निघतात. बघायला फार छान दिसतं. नव्या मुलांना शिकवताना मी ते आधी दाखवायचो, म्हणजे त्यांना कंटाळा येत नसे.

आता तुमच्या कामाचं. रंगाच्या चाचण्या दोन्ही मालांना सारख्याच लागतात. ड्यूकेनॉय चाचणीत जांभळा रंग येतो आणि क्लोरोफॉर्म घातलं की तो खालच्या थरात उतरतो. पातळ थराच्या प्लेटवर फास्ट ब्ल्यू रंगद्रव्य फवारलं की टीएचसीचा, म्हणजे नशा आणणाऱ्या द्रव्याचा, डाग लाल, झाडातल्याच सीबीडी या द्रव्याचा नारिंगी, सीबीएनचा जांभळट. हे सगळं गांजालाही येतं, चरसलाही येतं, घासलेल्यालाही आणि चाळलेल्यालाही. रसायन एवढंच सांगतं की हे भांगेच्या झाडाचं आहे. गांजा की चरस, ते भिंगानेच ठरतं.

"हाताचा माल शुद्ध" ही निव्वळ बाजारातली बात. शुद्ध म्हणजे राळेचं प्रमाण जास्त, असा अर्थ घेतला तर चांगला चाळलेला माल बहुधा पुढे असतो, कारण त्यात पाणी आणि पानाचा रस नसतो. घासलेल्यात ओल राहते आणि ओलीला बुरशी लागते. पण दोन्हीकडे वाईट माल ढिगाने आहे. चाळणीवाले पुन्हापुन्हा चाळतात, शेवटी शेवटी निव्वळ पानाचा भुगा पडतो आणि तोही वडीत जातो. शिवाय जुन्या मालातलं टीएचसी हवेने, उजेडाने हळूहळू सीबीएन होत जातं, तेव्हा रंग गडद म्हणजे माल कडक हेही खोटं. 2019 मध्ये माद्रिदच्या रस्त्यांवरच्या चरसच्या नमुन्यांचा अभ्यास छापून आला होता, त्यात बहुतेक नमुन्यांत विष्ठेतले जिवाणू सापडले. कारण तो माल पोटातून आणला जातो. शुद्धतेच्या गप्पा मारणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

शिरपूरकर_आप्पा

आमना इकडे तर गांजाच, चरस कोन करस? सातपुड्याच्या पायथ्याला वनजमिनीत, तुरीच्या आणि कपाशीच्या आड लावलेला गांजा पोलीस दरसाल उपटतात, पेपरात फोटो येतो. मी दखेल शे. ट्रॅक्टरभर झाडं, पण राळ काढायचं डोकं कोणी चालवत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्त जयंतीला साधू बसायचे, त्यांच्याकडे हिमालयातली काळी गोळी असायची, ती ते कोणाला देत नसत. आपल्या लोकांना चिलमीत गांजाच.

देवपूरवाले साहेब, एक विचारतो. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ 46-47 ला जातं. इतक्या उन्हात ती राळ झाडावर टिकते तरी का?

निवृत्त_देवपूर (धुळे)

आप्पा, टिकते, पण पिकाचा हंगाम मे नसतोच, म्हणून तो प्रश्न येत नाही. उन्हाचा मुद्दा मात्र बरोबर धरलात. राळ तापली की मऊ होते, गार झाली की ठिसूळ. चाळणीची पद्धत जिथे जिथे रुजली ते मुलूख बघा: अफगाणिस्तानातला बल्ख, लेबनॉनचं बेका खोरं, मोरोक्कोतला रीफ. सगळीकडे कोरडी हवा आणि नंतर कडक थंडी. कुल्लूत आणि नेपाळात पाऊस ऑक्टोबरच्या तोंडाशी येऊन संपतो, सकाळी दव, झाड नीट वाळतच नाही. तिथे घासणंच सोयीचं पडलं. लोक याला परंपरा म्हणतात. मी तर म्हणतो, हवामानाने ठरवलं आणि लोकांनी तेच धरलं.

मोरोक्कोचं सांगतो. तिकडे जुनी चाल किफची, म्हणजे बारीक चिरलेल्या गांजाची होती, चाळून वडी करण्याची पद्धत तिथे साधारण 1960 च्या दशकात पसरली. आज जगभर "मोरोक्कन परंपरा" म्हणून जी विकली जाते तिचं वय आपल्यातल्या काही जणांपेक्षा कमी आहे.

जुनी_पानं (अमळनेर)

इतिहासाची थोडी भर घालतो, कारण चाळलेला माल हिंदुस्थानाला नवा नाही, हे तुमच्या समोरच्या टीमला उपयोगी पडेल आणि तुम्हाला त्रास देईल.

यारकंदचा चरस. आजच्या शिनजियांगमधून काराकोरम खिंड ओलांडून तट्टांवर लेहला, तिथून पंजाबात, होशियारपूर-अमृतसरला. 1930 च्या दशकात तो व्यापार बंद पडेपर्यंत उत्तर हिंदुस्थानात जो चरस सरकारी कर भरून उघड विकला जायचा, त्यातला मोठा भाग हाच. आणि तो हाताने घासलेला नव्हता, वाळलेल्या फुलोऱ्याची भुकटी चाळून केलेला होता. कातडी पिशव्यांत भरून यायचा. म्हणजे 1893-94 च्या हेम्प ड्रग्स कमिशनने (अध्यक्ष मॅकवर्थ यंग, हजाराहून जास्त साक्षीदार, जाडजूड खंड) चरसवर पानंच्या पानं लिहिली, तेव्हा त्यांच्यापुढे दोन्ही पद्धती होत्या.

मजेची गोष्ट त्याच्याही आधीची. कलकत्ता मेडिकल कॉलेजातले डॉक्टर विल्यम ओशॉनसी, तेच ज्यांनी पुढे हिंदुस्थानात तारयंत्र उभारलं, त्यांनी 1839 मध्ये भांगेवर निबंध वाचला. त्यात लिहिलंय की मध्य हिंदुस्थानात, सागरच्या मुलखात आणि नेपाळात उन्हाळ्यात कातड्याचे कपडे घातलेली माणसं शेतातून जोरात पळतात, राळ कातड्याला चिकटते, मग ती खरवडून गोळे करतात. हाताने काढलेला "मोमिया" त्याच्या जवळपास दुप्पट भावाने जायचा. म्हणजे "हाताचा माल भारी" ही समजूत पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे, देवपूरकर साहेब, तुमच्या भिंगाला ती बधणार नाही.

आपल्या शेजारी खंडव्याकडे परवान्याने लागवड व्हायची ती गांजाची. मैदानातल्या पिकातून राळ वेगळी काढण्यात कोणाला फायदा दिसला नाही. आप्पा म्हणतात ते म्हणूनच खरं.

नवा_मेंबर_22

एवढं सगळं सांगताय तर चाळणी कोणती वापरतात तेही सांगा ना. घरच्या घरी जमेल का?

निवृत्त_देवपूर (धुळे)

नाही सांगणार. आणि जमवायचा विचार असेल तर कलम 20 वाचा. एक झाड लावलं तरी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कोणाला सवय सुटत नसेल तर कलम 64अ आहे, अल्प मात्रेच्या प्रकरणात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. त्याबद्दल विचारायचं असेल तर वेगळा धागा काढा, मनापासून उत्तर देईन.

धुळे_कोर्ट_वकील

ताई, आता आपल्या धंद्याचं बोलू. तुमचा "चरस म्हणजे हिमाचलातलं काळं" हा मुद्दा पहिल्या पाच मिनिटांत पडेल. कलम 2(iii) काढा. चरस म्हणजे झाडापासून वेगळी केलेली राळ, कुठल्याही रूपातली, कच्ची असो वा शुद्ध केलेली. हात, चाळणी, कातडं, काहीही लिहिलेलं नाही. दाबलेली असावी अशी अटही नाही. भुकटी आहे म्हणून ती गांजा होत नाही. जुन्या पानांनी यारकंदचं सांगितलं ते समोरच्यांना सापडलं तर तुमची पंचाईत आहे.

पण जागा आहे, आणि ती "वेगळी केलेली" या अटीत आहे. हाताने घासलेला गोळा समोर आला तर वादच नाही, राळ वेगळी झालेलीच असते. भुकटीचं तसं नाही. गांजाच्या पोत्याच्या तळाशी जी धूळ जमते तिच्यातही गळलेली बोंडं असतात, ती कोणी मुद्दाम वेगळी केलेली नसतात. तिथपासून निव्वळ राळेपर्यंत मधे कुठेही रेघ नाही. मग सरकारी पक्षाने दाखवायला हवं की ही भुकटी राळ आहे, फुलोऱ्याचा चुरा नव्हे. सी.ए. (सरकारी रासायनिक विश्लेषक) यांच्या रिपोर्टमध्ये "चरस आढळला" एवढीच ओळ असेल तर कशावरून, हे विचारा.

आणखी एक पायरी खाली जाता येतं. बियाणं आणि पानं फुलोऱ्यासोबत नसतील तर ती गांजाच्या व्याख्येतून वगळलेली आहेत. भुकटी बहुतांश पानाची निघाली तर प्रश्न भांगेचा होतो, तो महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याकडे जातो. मात्र इथे सावध. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी हिरा सिंग प्रकरणात 2008 चा मायकेल राज निकाल (फक्त अमली भागाचं वजन धरा असं सांगणारा) रद्द ठरवला. मिसळ असेल तर निष्क्रिय भागासकट सगळं वजन धरायचं. म्हणजे 300 ग्रॅममध्ये राळ थोडी आणि पान जास्त, एवढं म्हणून तुम्ही 100 च्या खाली येणार नाही.

कलम 50 वर (अंगझडतीचे नियम) वेळ घालवू नका. झडती बॅगेची आहे, अंगाची नाही. निकाल बघा: पवन कुमार, 2005.

वकिली_शिकतेय (जळगाव)

सर, काका, सगळ्यांचे आभार. माझा अर्धा युक्तिवाद फाडून टाकला तुम्ही आणि अर्धा नवीन दिला. देवपूरवाल्या काकांना एकच विचारते. समजा मी सी.ए. ची उलटतपासणी घेतेय. नेमकं काय विचारलं तर त्यांना "हो" किंवा "नाही" म्हणावंच लागेल?

निवृत्त_देवपूर (धुळे)

ताई, या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मी बराच वेळ उभा राहिलोय, म्हणून कुठे घाम फुटतो ते सांगतो.

नमुना भिंगाखाली पाहिला का, आणि त्याची नोंद वर्कशीटवर आहे का? बोंडं सुटी दिसली की दांड्यासकट? दांड्यासकट पुष्कळ असतील तर तो चुराच असण्याची शक्यता वाढते. पानाचे केस, देठाचे तुकडे, बियांची टरफलं किती, अंदाजाने का होईना लिहिलंय का? नमुना आला तेव्हा भुकटीच होता, की मोठा ऐवज कुटून पाठवला होता? रंगाच्या चाचणीने गांजा आणि चरस वेगळे करता येतात का? याला प्रामाणिक माणूस "नाही" म्हणेल.

नमुन्याचं वजनही बघा. 2022 च्या नियमांनुसार चरस आणि गांजा दोन्हींसाठी नमुना 24 ग्रॅमचा, दोन प्रतींत. तुमच्या प्रश्नात तो किती काढला ते दिलंय का? दिलं नसेल तर संयोजकांकडे खुलासा मागा. मूटमध्ये चालतं ते.